खर्ज हरवलेला ॲम्प्लिफायर

आपल्या सातारा-सांगलीकडच्या यात्रा-जत्रांत रात्री ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम असला की तुम्ही पुढची जागा धरून बसत असाल. गायक, ढोलक, की-बोर्ड यांच्याकडे सर्वांचे लक्ष असते. पण मागच्या बाजूला चार जाड तारांची गिटार घेऊन एक वादक शांतपणे उभा असतो, त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ती बेस गिटार. तिचा आवाज कानापेक्षा छातीला अधिक जाणवतो. तो थांबला तर नेमके काय कमी झाले हे चटकन सांगता येत नाही, पण सारे गाणे पोकळ वाटू लागते.

हा खर्जातला आवाज मोठा करणारे यंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर, म्हणजेच विवर्धक. सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा असा एक ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर गेल्या हिवाळ्यात साताऱ्याहून सांगलीला आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आला. ‘दोन ठिकाणी दाखवला, दोघेही म्हणाले, भंगारात घाला,’ असे तो आणणाऱ्या वादकांनी सांगितले. चैत्रात यात्रांचा हंगाम सुरू होणार होता आणि नवा घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते. या यंत्राचे दुखणे कसे शोधले, याची ही हकीकत आहे. त्यासाठी लागलेले जवळजवळ सगळे भौतिकशास्त्र तुमच्या शाळेच्या आणि अकरावी-बारावीच्या पुस्तकांत आहे.

भोपळा आणि ॲम्प्लिफायर

सांगलीला लागूनच मिरज आहे. शस्त्रांना धार लावणारी तेथील शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे बनवू लागली आणि त्यांच्या हातच्या वाद्यांनी मिरजेचे नाव देशभर नेले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा आवाज ‘मोठा करतो’ असे आपण म्हणतो. पण तो ऊर्जा कोठून आणतो?

उत्तर असे की, तो कोठूनही आणत नाही. नुसती तार बारीक असते. ती थरथरली तरी फारच थोडी हवा हलवते. तबली आणि भोपळा यांचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे तारेची ऊर्जा हवेला चटकन मिळते, इतकेच. ऊर्जा मात्र सारी वादकाच्या बोटाची.

ॲम्प्लिफायरचे तसे नाही. बेस गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. तार हलली की विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाने वेटोळ्यात सुमारे एक दशांश व्होल्टचा संकेत निर्माण होतो. त्याची शक्ती मायक्रोवॅटच्या दहाव्या हिश्शाइतकी धरा. ध्वनिक्षेपकाला मात्र ३० वॅट हवेत, म्हणजे ३० कोटी पट! ही जादा ऊर्जा येते ती भिंतीतल्या सॉकेटमधून. गिटारचा दुबळा संकेत फक्त नळाची तोटी फिरवतो; पाणी टाकीचे असते. तोटीचे हे काम ट्रान्झिस्टर करतो.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटेन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यांना व त्यांचे सहकारी शॉक्ली यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीचे ॲम्प्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हचे असत. त्यांना काही शे व्होल्टचा दाब लागे आणि ते तापायला वेळ घेत. ट्रान्झिस्टर आल्यावर ॲम्प्लिफायर हलके व स्वस्त झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गावोगावचे कारागीर ते जुळवू लागले. आमच्याकडे आलेला ॲम्प्लिफायर त्यातलाच होता. पत्र्याची पेटी, मागे काळ्या पंखांचा उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा आणि त्यावर २एन३०५५ जातीचे दोन ट्रान्झिस्टर. हा जाड धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर १५ अँपिअरपर्यंत प्रवाह पेलतो आणि आजही बाजारात मिळतो.

आधी जीव, मग आवाज

वादकांच्या तक्रारी तीन होत्या. पहिली, ॲम्प्लिफायर सतत गुरगुरतो. दुसरी, खालचे सूर निघत नाहीत. तिसरी तक्रार त्यांनी हसत हसत सांगितली: ‘तारेवर हात असताना ओठ मायक्रोफोनला लागला की झिणझिण्या येतात.’ आम्ही तपास तिसऱ्या तक्रारीपासून सुरू केला, कारण पहिल्या दोन आवाजाच्या होत्या आणि ही जिवाची होती.

गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात. आसपासची विद्युत् खरखर संकेतात शिरू नये म्हणून तसे करावे लागते. त्यामुळे पेटीवर जो दाब येईल तोच वादकाच्या बोटांवर येतो. या ॲम्प्लिफायरची वायर दोन पिनांची होती, म्हणजे पेटीला अर्थिंग नव्हतेच. शिवाय त्या काळच्या काही विदेशी ॲम्प्लिफायरप्रमाणे यातही गुरगुर कमी करण्यासाठी मुख्य पुरवठ्याची एक तार आणि पेटी यांच्यामध्ये ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे धारित्र, बसवलेले होते.

आता हिशेब करा. ५० हर्ट्झला या कपॅसिटरचा विरोध १ भागिले २πfC, म्हणजे सुमारे ६४,००० ओहम. त्यातून २३० व्होल्टला वाहणारा प्रवाह सुमारे ३.६ मिलिअँपिअर. माणसाला साधारण एक मिलिअँपिअर प्रवाह जाणवू लागतो. झिणझिण्यांचे कारण हेच. वादकाचा एक हात पेटीला जोडलेल्या तारांवर आणि ओठ अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनवर, म्हणजे वादक स्वतःच मंडलाचा भाग झाला होता.

हा जुना कपॅसिटर एखाद्या दिवशी आतून फुटून शॉर्ट झाला असता तर? मग मध्ये अडवायला ६४,००० ओहम उरले नसते. घामाने ओल्या शरीराचा विरोध सुमारे १,००० ओहम धरला तरी प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. घरातले गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरलाच पुरवठा तोडतात. त्यापुढे प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाला धोका असतो, हे त्यामागचे कारण. ही भीती काल्पनिक नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून भर कार्यक्रमात मरण पावला.

तो कपॅसिटर आम्ही काढून टाकला. तीन गाभ्यांची वायर व तीन पिनांचा प्लग बसवला आणि हिरवी तार पेटीला घट्ट स्क्रूने जोडली. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गुरगुर कमी व्हावी म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज थोडा स्वच्छ होतोही, पण किंमत माणसाच्या प्राणाची असते. आणि मांडवातल्या सॉकेटलाच अर्थिंग नसेल, तर तीन पिनांचा प्लगही कुचकामी. म्हणून कार्यक्रमाआधी ते तपासून घ्यायचे.

गुरगुर किती हर्ट्झची?

आता पहिली तक्रार. गुरगुर कोठून येते हे शोधण्यासाठी महाग उपकरण हवे असे तुम्हाला वाटेल. पण आमच्याजवळ उत्तम मोजमापक होता: खुद्द बेस गिटार!

बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा खालून वर अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झला लावतात. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. गुरगुर ५० हर्ट्झची असेल तर ती बहुधा बाहेरून, म्हणजे रोहित्राच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा सदोष जोडणीतून संकेतात शिरलेली असते. पण ॲम्प्लिफायरला एकदिश प्रवाह लागतो. त्यासाठी चार डायोडांचा पूल प्रत्यावर्ती प्रवाहाचा खालचा अर्धा भागही वर उलटवतो. दर सेकंदाला ५० उंचवट्यांऐवजी १०० उंचवटे येतात. म्हणून पुरवठ्यातील गुरगुर १०० हर्ट्झची असते.

आणि सर्वांत वरची मोकळी तार ९८ हर्ट्झची! दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले की आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो. यांना विस्पंद म्हणतात, आणि दर सेकंदाचे विस्पंद दोन वारंवारतांच्या फरकाइतके असतात. वादकांनी ती तार छेडली. गुरगुर आणि तार मिळून सेकंदाला सुमारे दोन लाटा स्पष्ट ऐकू आल्या. १०० वजा ९८, म्हणजे २. गुरगुर ५० हर्ट्झची असती तर ती एक सप्तक खाली, सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरच्या ४९ हर्ट्झच्या सुराशी जुळली असती. हे सप्तक ओळखायला वादकाचा कान पुरेसा असतो.

दुसरी खूण म्हणजे आवाजाचे बटण. ते शून्यावर नेले तरी गुरगुर तशीच राहिली. म्हणजे ती बटणाच्या अलीकडे गिटारकडून येत नव्हती. दोन्ही साक्षी एकाच आरोपीकडे बोट दाखवत होत्या: पुरवठ्यातील मोठा कपॅसिटर.

उंचवट्यांमधले खळगे भरून काढणे हे त्याचे काम. उंचवट्याच्या वेळी तो भार साठवतो आणि खळग्याच्या वेळी देतो. दोन उंचवट्यांत ०.०१ सेकंदाचे अंतर असते. ॲम्प्लिफायर स्वस्थ बसलेला असताना ०.१ अँपिअर घेत असेल, तर ४,७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरचा दाब त्या अवधीत ०.१ × ०.०१ ÷ ०.००४७, म्हणजे सुमारे ०.२ व्होल्टने उतरतो. पण कपॅसिटरची धारकता दहाव्या हिश्शावर आली असेल, तर हाच उतार सुमारे २ व्होल्ट होतो आणि ध्वनिक्षेपक गुरगुरू लागतो.

धारकता कमी का होते? या कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये रसायनाने भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षानुवर्षे ते रसायन सुकत जाते. तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. आपल्याकडचा उन्हाळा आणि त्यात तापलेली पत्र्याची पेटी, म्हणजे काय होणार ते उघड आहे.

खर्ज कोठे गेला?

आता दुसरी तक्रार. या ॲम्प्लिफायरला ५० व्होल्टचा एकेरी पुरवठा होता. दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर एकावर एक जोडलेले आणि त्यांच्या मधल्या बिंदूवर निम्मा दाब, म्हणजे २५ व्होल्ट. हा स्थिर दाब ध्वनिक्षेपकावर आला तर त्याचे वेटोळे जळेल. म्हणून मध्ये एक कपॅसिटर असतो. तो स्थिर दाब अडवतो आणि बदलता संकेत पुढे सोडतो.

मात्र सगळ्याच वारंवारता तो सारख्या सोडत नाही. सूर जितका खालचा, तितका कपॅसिटरचा विरोध जास्त. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर ज्या वारंवारतेला शक्ती निम्मी होते ती सीमा सुमारे २० हर्ट्झ येते. सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. तिला फारसा धक्का लागत नाही. आम्ही तो कपॅसिटर काढून मोजला तेव्हा तो जेमतेम २०० मायक्रोफॅरडचा उरला होता! सीमा पाच पट वर, १०० हर्ट्झला गेली होती. आता हिशेब पाहा. ९८ हर्ट्झच्या तारेची शक्ती निम्मी पोचत होती आणि ४१ हर्ट्झच्या तारेची तर सातवा हिस्सा. तार जितकी जाड, तितका तिचा आवाज मुका.

वास्तविक खालच्या सुरांना शक्ती जास्त लागते. तेवढाच ध्वनी हवेत सोडायचा तर ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात अधिक हलावे लागते. ९८ हर्ट्झच्या तुलनेत ४१ हर्ट्झला हे हलणे साडेपाच पटींहून अधिक होते. शिवाय आपला कान खालच्या सुरांना मुळातच कमी संवेदनशील. नेमक्या गरजेच्या जागीच गळती होती. बिचारे वादक आवाज वाढवत राहिले, गुरगुरही वाढत राहिली आणि ट्रान्झिस्टर विनाकारण तापत राहिले.

दिव्याची साक्ष

पेटी उघडण्याआधी प्लग काढला. पण तेवढ्याने काम भागत नाही. ५० व्होल्टला भारलेल्या ४,७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ½CV² म्हणजे सुमारे ६ ज्यूल ऊर्जा असते; एक किलोचे वजन ६० सेंटिमीटर उचलायला लागते तितकी. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट केल्यास ती क्षणात मोकळी होते, ठिणगी उडते आणि धातू वितळतो. आम्ही १,००० ओहमचा जाड रोधक अर्धा मिनिट टोकांना लावून ठेवला आणि दाब शून्य झाल्याचे मीटरने पाहिले. मगच जुने दोन्ही कपॅसिटर सोडवून नव्यांना डाख दिला. बसवताना धन-ऋण टोके दोनदा तपासली. उलटा बसवलेला कपॅसिटर फुटतो.

दुरुस्तीनंतर यंत्र थेट सॉकेटला लावायचे नाही. आपले जुने वायरमन एक युक्ती वापरतात: १०० वॅटचा तारेचा दिवा यंत्राशी एकसरीत जोडायचा. असा दिवा पूर्ण पेटलेला असताना त्याचा विरोध ५२९ ओहम असतो, पण थंड असताना जेमतेम चाळीसच्या आसपास. यंत्र निरोगी असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत दिवा क्षणभर उजळतो आणि मंदावतो. तो थंड राहतो व यंत्राला जवळजवळ पूर्ण दाब मिळतो. यंत्रात कोठे शॉर्ट असेल तर दिवा लखलखीत पेटतो आणि प्रवाहाला ०.४३ अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. म्हणजे दिवा पहारेकरीही झाला आणि साक्षीदारही. यासाठी एलईडी दिवा चालत नाही. त्याचा विरोध असा बदलत नाही.

फ्यूजच्या जागी जाड तार लावणे म्हणजे हा पहारेकरी हाकलणे होय. आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरासारख्या पाण्यात बुडालेले यंत्र तर दिव्यातूनसुद्धा लगेच लावू नये. आधी गाळ स्वच्छ पाण्याने काढून ते कित्येक दिवस नीट वाळवावे लागते. गाळ वीज वाहतो आणि रोहित्राच्या वेटोळ्यांतला ओलावा सहज जात नाही.

आमचा दिवा क्षणभर उजळला व मंदावला. मधल्या बिंदूवर मीटरने २५ व्होल्ट दाखवले. गुरगुर गेली होती. पण पंधरा मिनिटांत ट्रान्झिस्टर हात ठेववेना इतके तापले.

उष्णतेचे दुष्टचक्र

सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला वाहू लागायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. तापमान दर अंशाने वाढले की ही गरज सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. दाब आहे तसाच ठेवला तर ट्रान्झिस्टर तापला की प्रवाह वाढतो. प्रवाह वाढला की तो आणखी तापतो. बंदोबस्त नसेल तर हे चक्र ट्रान्झिस्टर जळेपर्यंत फिरते.

बंदोबस्त दोन प्रकारचा असतो. एक, उष्णता बाहेर काढणे. ट्रान्झिस्टर आणि धातूचा ठोकळा यांच्यात अभ्रकाची पातळ चकती असते. अभ्रक वीज अडवतो पण उष्णता बऱ्यापैकी जाऊ देतो. बारीक फटींतली हवा मात्र उष्णतेची वाईट वाहक. म्हणून तेथे पांढरा लेप लावतात. या ॲम्प्लिफायरमधील लेप सुकून पिठासारखा झाला होता. दुसरा बंदोबस्त म्हणजे ठोकळ्यालाच चिकटवलेला एक लहान डायोड. ट्रान्झिस्टरबरोबर तोही तापतो, त्याचाही दाब घटतो आणि ट्रान्झिस्टरला मिळणारा दाब आपोआप कमी होतो. तो डायोड सुटून हवेत लोंबत होता! ताप वाढल्याची बातमीच त्याला कळत नव्हती. नवा लेप लावला, डायोड जागेवर घट्ट बसवला. त्यानंतर तासभर वाजवूनही ठोकळा फक्त कोमट झाला.

चैत्राच्या आधी ॲम्प्लिफायर साताऱ्याला परत गेला. बदललेले भाग किती? दोन कपॅसिटर, एक वायर, एक प्लग, चिमूटभर लेप. भंगारात जायला निघालेल्या पेटीत रोहित्र, ट्रान्झिस्टर, ध्वनिक्षेपक हे महागाचे सारे भाग शाबूत होते. अंदाजाने भाग बदलत बसलो असतो तर कदाचित तेच आधी काढून टाकले असते.

करून पाहा

मुख्य पुरवठ्यावर चालणारे कोणतेही यंत्र तुम्ही स्वतः उघडू नका. ते काम शिक्षकांच्या किंवा जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचे. पण कपॅसिटर ‘वाळला’ आहे की नाही, हे शाळेत ९ व्होल्टच्या बॅटरीवर सुरक्षितपणे मोजता येते.

साहित्य: ९ व्होल्टची बॅटरी, १,००० मायक्रोफॅरड व २५ व्होल्टचा कपॅसिटर, १०,००० ओहमचा रोधक, डिजिटल मल्टिमीटर आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ.

कपॅसिटरचे धन टोक बॅटरीच्या धन टोकाला व ऋण टोक ऋण टोकाला काही सेकंद जोडून तो भरून घ्या. बॅटरी काढा. कपॅसिटरच्या टोकांना मीटर लावा व त्याच टोकांना रोधक जोडताच वेळ मोजायला सुरुवात करा. दाब ९ वरून ३.३ व्होल्टवर, म्हणजे मूळच्या ३७ टक्क्यांवर यायला जो वेळ लागतो तो RC इतका असतो. येथे तो १० सेकंद यायला हवा. छापील धारकतेत थोडी सूट असते, त्यामुळे दोन सेकंद इकडेतिकडे झाले तर नवल नाही.

आता शिक्षकांकडून जुन्या मोडक्या रेडिओतला, तेवढ्याच धारकतेचा कपॅसिटर मिळवा आणि तोच प्रयोग करा. दोन सेकंदांतच दाब ३.३ वर आला, तर १,००० मायक्रोफॅरड छापलेल्या त्या कपॅसिटरमध्ये प्रत्यक्षात किती उरले आहेत? आणि तो बेस गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये ध्वनिक्षेपकाच्या आधी बसवला, तर कोणत्या तारेचा आवाज सर्वांत आधी हरवेल? उत्तर वहीत मांडा आणि आकडेमोडीसह शिक्षकांना दाखवा.